आईच्या मोबाईलमधलं अ‍ॅप कोण काढतं?

माझ्या भाचीवर आमच्या घरात खोटा आळ घेतला गेला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आरोप असा की तिनं आजीच्या मोबाईलमधून गाण्याचं अ‍ॅप काढून टाकलं, आणि एकदा नाही, परत परत. आरोप करणारे तिचेच, निकाल देणारेही तिचेच. तिच्या बाजूनं सुरुवातीला कोणी तोंड उघडलं नाही, मीही नाही. मी पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. पहिल्याच वाक्यात अन्याय सांगून मोकळं व्हायचं हे मला तिथंच शिकवलं गेलं, म्हणून आधी तो सांगितला.

घरात आम्ही पाच जण. आई, मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, वहिनी, त्यांची ही एकुलती एक पोरगी, आणि मी. दादा विम्याच्या ऑफिसात, वहिनी इंग्रजी शाळेत शिकवायला. वहिनीचं माहेर कुहीकडचं. आमचं मूळ घर उत्तर नागपुरातल्या वस्तीत. दारासमोर विहार, विहारासमोर पाण्याचा नळ आणि नळावर अख्खी वस्ती. दादानं तिथून आम्हाला लकडगंजच्या पलीकडे एका दुमजली घराच्या वरच्या माळ्यावर आणलं. खाली घरमालक. दिवसभर लाकडाच्या डेपोतून आरागिरणीचा आवाज येतो आणि खिडकीत भुसा साचतो. घर चांगलं आहे, हवा आहे, पाणी आहे. फक्त आईला बोलायला माणूस नव्हतं.

वस्तीत आई बायकांच्या गायन मंडळात होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला यांचं मंडळ बसायचं. आईचा आवाज जाड, पण सुराला पक्का. नव्या घरी आल्यावर ती नुसती गुणगुणायची, तेही भांडी घासताना. म्हणून मीच तिच्या मोबाईलमध्ये गाण्याचं अ‍ॅप टाकून दिलं. पाठीमागे वाद्यं वाजतात, आपण समोर बसून म्हणायचं, आवडलं तर लोकांसाठी टाकायचं. आईनं ते आठवड्यात आत्मसात केलं. दुपारी वहिनी शाळेतून यायच्या आधी ती तुरीच्या डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून स्वयंपाकघरात बसायची. कुकरची शिट्टी मध्ये आली की पुन्हा पहिल्यापासून. एकेक गाणं कितीदा म्हणायची. म्हणायची, घोटल्याशिवाय लोकायले आयकवाचं नसते. त्यामुळे लोकांसाठी टाकलेली गाणी थोडी आणि मोबाईलमध्येच ठेवलेली ढीगभर. वस्तीतल्या तिच्या मैत्रिणी ऐकून लाल बदाम पाठवायच्या. आई ते बदाम मला दाखवायची.

आणि एका दुपारी अ‍ॅप गेलं.

ज्यांनी हे वापरलंय त्यांना ठाऊक असेल, अ‍ॅप परत टाकता येतं, लोकांसाठी टाकलेली गाणीही परत दिसतात. पण नुसती ठेवलेली, घोटायला ठेवलेली, ती अ‍ॅपसोबत जातात. आई भिंतीकडे तोंड करून बसली. त्याच सकाळी भाची आजीचा मोबाईल घेऊन सोफ्याखाली शिरली होती, तिच्या पोपटाच्या गेमसाठी. दादा म्हणाला, पोरीनं काहीतरी दाबलं असन. बस. यावर कोणाचीही साक्ष निघाली नाही, उलटतपासणी झाली नाही. भाची म्हणाली, मी नाही केलं. वहिनीनं तिला खोटं बोलू नये यावर मोठं भाषण दिलं, आणि मोबाईल फ्रिजवर गेला.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. लहान मुलं मोबाईलमध्ये घाण करतात हे आपण इतकं ऐकलेलं असतं की त्याला पुरावा लागतो असं वाटतच नाही.

दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मात्र माझ्या डोक्यात पहिली शंका आली. त्या मोबाईलमध्ये पोपटाचा गेम होता, रंग भरायचा गेम होता, टॉर्च होता, पंचांग होतं, वीजबिलाचं अ‍ॅप होतं. बोट चुकून दाबणारी पोरगी दरवेळी नेमकं आजीच्याच गाण्यावर कशी दाबते? मी ही शंका बोलून दाखवली. दादा म्हणाला, त्याचं चित्र लाल आहे ना, लाल रंगाकडे पोरं जातात. पोपटाचंही लाल होतं. मी ते मनात ठेवलं.

मग मी त्या मोबाईलचा बंदोबस्त करायला घेतला. मुलांना आईबापांच्या मोबाईलमधून अ‍ॅप काढता येऊ नये यासाठी काय काय करतात ते शोधून काढलं. एक सोय अशी निघाली की पडद्यावरची मांडणीच पक्की करून टाकायची. मग चित्रावर कितीही वेळ बोट दाबून ठेवा, ते हलत नाही आणि त्याच्यावर काढून टाकायचा पर्याय येत नाही. मी ते केलं. घरात सगळ्यांसमोर केलं आणि मोठ्यानं सांगितलंही, आता पोरगी डोकं आपटो, अ‍ॅप जाणार नाही. दादा पेपर वाचत होता. वाचतच राहिला.

पुढच्याच आठवड्यात अ‍ॅप गेलं.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा भाची खुर्चीत हात मांडीखाली घालून बसली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली,

"आत्या, मीच केलं."

आवाजात रडू नव्हतं, काही नव्हतं. पोलीस ठाण्याबाहेर मी हा आवाज ऐकलेला आहे. सही करून टाकली की घरी सोडतात हे ज्याला उमगतं तो असा बोलतो. मी तिच्यासमोर खाली बसले. मोबाईल तिच्या हातात दिला. म्हटलं, कसं केलं ते दाखव, मला शिकायचं आहे.

तिनं अंगठ्यानं पोपट दाबून धरला. चित्र हललं नाही. मोबाईलनं खाली एक ओळ दाखवली, ती तिला वाचता आली नाही. मग दोन्ही अंगठे लावले. मग बोट ओढून पाहिलं, जीभ बाहेर काढून पडद्यावर जोर केला. मग टॉर्चवर करून पाहिलं. तिला घाम फुटला. शेवटी माझ्याकडे पाहून तिनं खजील होऊन सांगितलं, "तेव्हा जमलं होतं."

जे आपण केलंच नाही ते करून दाखवता येत नाही म्हणून ती लाजली होती. मला त्या क्षणी इतका संताप आला की मी उठून गॅलरीत गेले. पाच वर्षांच्या मुलीकडून या घरानं कबुली काढली होती. कोणी हात लावला नव्हता, फक्त रोज थोडं थोडं विचारलं होतं.

तिथून पुढे मी सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. त्यात मी तरबेज आहे. आधी कंपनीवर. जयंतीची गाणी नको असलेला कोणीतरी तिथं बसून आमच्या आईचं अ‍ॅप काढत असेल, असं मी खरोखर दोन दिवस मानलं. मग मागे एकदा ज्याच्याकडे मोबाईल दुरुस्तीला दिला होता त्या दुकानदारावर. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की दुरून कोणी अ‍ॅप काढत नाही ताई, हातात घेऊनच काढतात. मग घरमालकावर. तो जिन्यात दिसला की मी त्याच्या हाताकडे पाहायची. जणू त्याच्या हातात आमचा मोबाईल असणार. तो बिचारा दुधाची पिशवी घेऊन वर यायचा, त्याच्याकडे राहिलेला आमचा डबा परत द्यायला. पण त्याचं "आईसाहेब बऱ्या आहेत ना" मला गोड वाटायचं नाही, चौकशी वाटायची.

मांडणी पक्की असूनही अ‍ॅप जातं म्हणजे कोणीतरी सेटिंगमध्ये किंवा जिथून अ‍ॅप घेतात त्या मोबाईलमधल्या दुकानात आत शिरून काढतं. तिथं अक्षरं वाचावी लागतात. तेव्हा त्या दोन्ही दारांवर आकड्याचं कुलूप लावायचं मी ठरवलं. आकडा आईनं निवडायचा होता. तिचा मोबाईल उघडायचा आकडा होता एकोणीसशे छप्पन. तो घरात भाचीलाही पाठ, कारण वस्तीतल्या विहाराच्या कमानीवर तो लिहिलेला आहे आणि तिला आकडे आम्ही त्या कमानीखालीच शिकवले. तसं पाहिलं तर आमच्या वस्तीतल्या निम्म्या मोबाईलचा आकडा तोच. दीक्षेचं साल. चोरानं एक मोबाईल उघडला की अख्खी गल्ली उघडली. मी आईला म्हटलं, हा नको, कोणालाच सुचणार नाही असा सांग. कोणाला सांगूही नको.

आईनं बराच विचार केला. दरवाजा लोटला, माझा कान जवळ ओढला आणि हळूच म्हणाली,

"चौदा शून्य चार."

जयंतीची तारीख. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आई, हा तर निम्म्या नागपूरला सुचेल.

"मले तं तोच ध्यानात राहते बापा. दुसरा टाकला आन मीच भाईर राहिली तं?"

मी वाद घातला नाही. म्हटलं असू दे. भाचीला ते येणार नाही, तिला महिन्यांचे आकडे अजून शिकवले नव्हते. घरात मी कोणाला आकडा सांगितला नाही. फक्त एवढं सांगितलं की आता कुलूप आहे. आईनं पुन्हा डाळीचा डबा पुढे घेतला. एक नवं गाणं ती पंधरवडाभर घोटत होती, त्यात मध्येच एक उंच जागा होती, तिथं तिचा श्वास पुरायचा नाही. त्या आठवड्यात पुरला. तिनं ते ठेवून दिलं, रविवारी वस्तीतल्या मैत्रिणीला ऐकवून मग लोकांसाठी टाकायचं म्हणून.

शनिवारी अ‍ॅप नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोबाईल हातात घेऊन बसले आणि आत्तापर्यंतचा माझा सगळा संशय माझ्याच तोंडावर पडला. कंपनी गेली, दुकानदार गेला, घरमालक गेला. घरमालकानं हातात मोबाईल घेतला असता आणि वर्षभर आकडे दाबत बसला असता तरी त्याला हा सुचला नसता. पण ज्याला पहिलं कुलूप एकोणीसशे छप्पन हे ठाऊक आहे तो दुसरं कुलूप दिसताच काय टाकून पाहील? जयंतीची तारीख. मीही तेच टाकलं असतं. हा आकडा टाकणारा आमचाच माणूस होता. आमच्यातला, आमच्या घरातला.

आणि मी चुकीच्या माणसाकडे गेले. वहिनीकडे.

माझं गणित असं होतं की शाळेत तिला घरच्या गोष्टी झाकून ठेवायची सवय आहे. डब्यात काय आणलं, दिवाळीत काय केलं, ती तिथं मोघम सांगते हे मला माहीत होतं. ती कणीक मळत होती. मी तिला विचारलं तसं विचारायला नको होतं, आरोपपत्र वाचल्यासारखं विचारलं. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली,

"ताई, तुमाले घरात बी मोर्चा काढाचा हाय काय?"

मी म्हटलं, उत्तर द्या.

तेव्हा तिनं कणीक झाकली, हात धुतले आणि सांगितलं. तिच्या सांगण्यातलं निम्मं मला आधी कळायला हवं होतं. घरमालकानं एकदा जिन्यात दादाला थांबवून म्हटलं होतं, तुमच्या आईचा आवाज फार गोड, दुपारी भजनं ऐकू येतात. आई म्हणायची जयंतीची गाणी, पण दादा म्हणाला, हो, भजनंच. बास एवढंच. पण वर येऊन दादा वहिनीला म्हणाला की आईनं स्वयंपाकघराची खिडकी लावून गायला पाहिजे. आईला सांगायची हिंमत त्याला झाली नाही. मग अ‍ॅप जायला लागलं. वहिनीला संशय होता, विचारायचा धीर नव्हता. आणि पोरीचं नाव आलं तेव्हा ती गप्प बसली, वर भाषणही दिलं. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"मी माय हाय तिची," एवढं म्हणाली, आणि परत कणकेकडे वळली.

दादा आला तेव्हा आई पलंगावर बसली होती, भाची खाली रंग भरत होती. मी त्याला बूट काढू दिले, पाणी दिलं. मग विचारलं. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, कुलपाचा आकडा काय होता सांगू का, की तूच सांगतो? तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि मोजे काढता काढता बोलायला लागला.

त्यानं जे सांगितलं ते मी इथं त्याच्या बाजूनंही लिहिते, कारण ते खोटं नव्हतं. हे घर मिळायच्या आधी त्यानं किती घरं पाहिली याची मला कल्पना नव्हती. फोनवर खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की भाडेकरू आलेला असायचा. एका ठिकाणी तर चहा पिऊन झाल्यावर विचारलं, मूळचे कुठले, कोणत्या वस्तीतले, आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाईच्या भावाला खोली लागली. या मालकानं विचारलं नाही, दादानं सांगितलं नाही. जयंतीला आम्ही हार घालतो तो फोटो वस्तीत दर्शनी भिंतीवर असायचा, इथं त्यानं आतल्या खोलीत लावला, तो का आत आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तू पत्रकं छापत होती तवा," तो मला म्हणाला. "घर पाहाले मी फिरून राहिलो होतो. पत्रकावर राहता येते काय?"

मला खूप उत्तरं सुचली. ज्यांनी घरं नाकारली त्यांच्यावर पत्रक काढायचं सोडून आपण आईचा गळा दाबतो, हे मी बोलले. मोठ्यानं बोलले. खालचा मालक ऐकेल म्हणून दादानं खिडकीकडे पाहिलं. मी उठून खिडकी सताड उघडली. आता मला वाटतं ते मी त्याला दुखवायलाच केलं, पण तेव्हा ते मला तत्त्व वाटत होतं.

आई मध्ये पडली. तिनं आधी मला गप्प केलं, मग त्याला म्हणाली,

"तुह्या भेवाचं मले समजते. मी बी तुह्या बापासंग घरं पायलेली हाय. मले सांगितलं असतं तं मी खिडकी लावून म्हटलं असतं, नाई तं नसतीच म्हटली, नाई तं तुह्यासंग भांडली असती. तो माहा मामला. पण पोरीचं नाव काहून घेतलं?"

दादा म्हणाला की पहिल्यांदा सहज तोंडातून गेलं. मग तेच सोपं पडलं. लहान आहे, विसरून जाईल.

"ते विसरली नाई. कबूल करून बसली. तिले सांग."

तो म्हणाला, सांगतो नंतर. आई म्हणाली, आत्ता सांग, आमच्या पुढं सांग, जसं नाव घेतलं तसंच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादा खाली बसला, पोरीच्या शेजारी. ती हत्तीला हिरवा रंग देत होती. त्यानं तिचा खडू हातातून घेतला. तिनं तो लगेच सोडला. हल्ली तिच्या हातातून काही घेतलं की ती सोडायची.

"आजीच्या मोबाईलमधलं गाणं तू नाई काढलं," तो म्हणाला. "मी काढत होतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग वहिनीकडे. मोठी माणसं तिला पुन्हा पकडतायत का, हे ती ताडत होती. मी तो हिशोब ओळखते. समोरच्याला कोणतं उत्तर हवं आहे हे शोधायचं आणि तेच द्यायचं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मीच केलं होतं. आता नाही करणार."

दादानं मान खाली घातली. आईनं त्याला उठू दिलं नाही. म्हणाली, परत सांग. त्यानं परत सांगितलं. कसं काढलं तेही सांगितलं, बाथरूममध्ये मोबाईल नेला, आकडा टाकला, काढलं. भाचीनं विचारलं, मग तुला कोणी रागवलं का? तो म्हणाला, आता रागवतायत. तिनं आमच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणी त्याला रागवताना तिला दिसलं नव्हतं. तिची आजी पलंगावर बसलेली, तिची आई दारात, आत्या खिडकीत. फ्रिजवर काही गेलं नव्हतं, खोटं बोलू नये यावर भाषण झालं नव्हतं. तिला माहीत असलेल्या कुठल्याच खुणेनं बाबांनी काही केलंय असं वाटत नव्हतं.

ती माझ्याजवळ आली आणि कानात विचारलं, बाबा खरं बोलतायत का. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली, खडू उचलला आणि हत्तीचा उरलेला कान रंगवला. जेवायच्या वेळी मात्र ती हात मांडीखाली घेऊनच बसली, आणि आईनं मोबाईल तिच्यासमोर ताटाशेजारी ठेवला तेव्हा पाट मागे सरकवून त्याच्यापासून लांब झाली.